पाण्यातले दोघे

अंबरनाथ, बुवापाडा
१० जानेवारी २०२५

चि. अक्षय यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू म्हणशील, अंबरनाथहून बदलापूरला पत्र कसलं लिहितेस, हाक मारली तरी ऐकू येईल. पण फोनवर तू "हं", "हो", "बघू" करतोस आणि ठेवून देतोस. पत्राला नुसतं "हं" असं उत्तर लिहायला माणूस लाजतो, म्हणून लिहिते आहे. माझा दादा, म्हणजे तुझा बाप, वालाच्या शेंगा घेऊन आलाय, चहा पितोय. त्याच्याच पिशवीत हे घालते.

विषय असा, की मी एक मोठं चित्र काढायला घेतलंय. मार्चमध्ये वाचनालयाच्या हॉलमध्ये आम्हा निवृत्त चित्रकला शिक्षकांचं प्रदर्शन आहे. नोकरीत असताना मुलांना फुलदाणी आणि केळी काढायला लावली, आता स्वतःसाठी काहीतरी काढावं असं वाटलं. तर मी समुद्रातली सुटका काढते आहे. तुझी.

मला ठाऊक काय आहे? तू तेलविहिरींच्या कामावर वेल्डर म्हणून गेला होतास, दिवाळीनंतरच्या वादळात तुम्ही ज्यावर राहायचात तो बार्ज बुडाला, एका जहाजाने तुम्हाला उचललं, आणि तू घरी आलास. तीन वर्षांत तुझ्या तोंडून ह्याहून जास्त काही आलं नाही. बाकीचं मी मनानेच रंगवलंय. आभाळात वीज, मागे प्रचंड जहाज, एका हाताने दोर पकडलेला तू, लाटेच्या अगदी शेंड्यावर. चित्र जोरदार झालंय, मीच सांगते.

परवा किर्ती येऊन गेली. चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "आत्या, असं झालं होतं?" मी म्हटलं, "तुला ठाऊक असेल ना, तू बायको आहेस त्याची." त्यावर कप विसळून ठेवून ती निघाली. माझं काही चुकलं का?

एवढंच सांग. पाण्याचा रंग कसा होता? मी निळा-हिरवा घेतलाय.

तुझी,
मालिनी आत्या

*

चामटोली, बदलापूर
१७ जानेवारी

ती. आत्यास,
अक्षयचा नमस्कार.

पत्र मिळालं. कंपनीच्या कँटीनमध्ये बसून लिहितोय, जेवणाची सुट्टी आहे. अक्षर वाईट आहे, समजून घे.

तुझं काही चुकलं नाही. किर्तीचंही नाही.

वीज नव्हती. मी लाटेच्या शेंड्यावरही नव्हतो. पाणी राखाडी होतं.

काढू नकोस असं मी म्हणत नाही, तुझा कागद, तुझा रंग. पण प्रदर्शनात लावू नकोस. लोक येतील, विचारतील, "हा तुमचा भाचा का, किती शूर," वगैरे. मला ते नको आहे.

बाकी ठीक. गुडघ्याला तेल लावतेस ना? बाबा विचारत होते, "काय लिवता रं तुमी दोघं? कोरटात केस चालू हाय का?" मी म्हटलं, हो.

अक्षय

*

अंबरनाथ
२० जानेवारी

चि. अक्षय यास आशीर्वाद.

बरं. नाही लावणार. प्रदर्शनाला शिवमंदिराचं चित्र देते. अंबरनाथमध्ये ज्याच्या हाती ब्रश आला त्याने ते मंदिर काढलंय, त्यात माझं एक आणखी. तुझं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आहे. शाळेत दंगा करणाऱ्या पोरांना उभं करायचे तसं.

पण एक गोष्ट राहवत नाही म्हणून विचारते, आणि हे मी आत्या म्हणून नाही, चित्रकार म्हणून विचारते. राखाडी म्हणजे कुठला राखाडी? तुम्हा लोकांना वाटतं राखाडी एकच असतो. चुलीतल्या राखेचा वेगळा, पारव्याच्या मानेचा वेगळा, ओल्या सिमेंटचा वेगळा. पारव्याच्यात जांभळा असतो, सिमेंटमध्ये हिरवट झाक असते. तू वेल्डर आहेस, तुला रंगातला फरक कळतो. लोखंड किती तापलंय ते तू त्याच्या रंगावरून ओळखतोस, असं तूच मला एकदा सांगितलं होतंस.

मनात नसेल तर सोडून दे. वालाचं बिरडं केलं होतं, छान झालं होतं. दादाला सांग, शेंगा आणखी असतील तर पाठव.

आत्या

*

चामटोली
२ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

पंधरा दिवस विचार करतोय. घमेल्याचा नवा पत्रा पावसात भिजला की जसा दिसतो, तसा. वरून चकाकतो, आत काळा. आभाळही त्याच रंगाचं होतं, त्यामुळे पाणी कुठे संपतं ते कळायचं नाही. दिवस होता, दुपारच असेल, पण उजेड कुठून येतोय ते समजत नव्हतं.

एवढं लिहून थांबणार होतो. पण हात थांबत नाहीये, तर लिहितो. तोंडाने मला हे सांगता येत नाही. मी प्रयत्न केला नाही असं नाही. किर्तीसमोर दोनदा सुरुवात केली. "तर झालं काय" असं म्हणतो आणि पुढे शब्दच येत नाहीत. मग मी उठून गाडी पुसायला लागतो. तिला वाटतं मी तिच्यापासून लपवतोय.

बार्जला स्वतःचं इंजिन नव्हतं. नांगरांवर उभा असायचा. सकाळी नांगरांचे दोर एकेक करून तुटले आणि बार्ज वाहत जाऊन विहिरीच्या लोखंडी खांबावर आपटला. खाली पाणी शिरलं. एका बाजूला कलला तेव्हा सगळे म्हणाले उड्या मारा, तर मारल्या. लाइफ जॅकेट होतं अंगावर. पहिली लाट डोक्यावरून गेली आणि वर आलो तेव्हा आजूबाजूला कुणी नव्हतं.

मग मागून कुणीतरी माझ्या जॅकेटचा पट्टा धरला. आमचा भंडारी. जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. मुकेशभाई, उल्हासनगरचा सिंधी माणूस, पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा. त्याच्या हातचं आम्ही रोज खायचो, पण बोलणं कधी फार झालं नव्हतं. त्याने पट्टा मनगटाला गुंडाळून घेतला आणि बोलायला लागला. काय बोलत होता सांगू? कढी कशी करायची ते! सिंधी कढी. "पहले बेसन भूनना, धीमी आँच पे. फिर पानी. फिर इमली." गवार, भेंडी, शेवग्याची शेंग, कधी काय टाकायचं. लाट आली की तोंड मिटायचा, गेली की पुढचं वाक्य. आत्या, मला झोप यायला लागली होती. अशी झोप कधी आली नव्हती, गोड. तो मला हलवायचा, "बोल, अब क्या डालूँ?" मी एकदा म्हटलं, "दही." इतका चिडला! "सिंधी कढी में दही? हट! चल, शुरू से." परत बेसनापासून सुरुवात.

कितीदा ती कढी केली, ठाऊक नाही.

जहाज आलं तेव्हा ते आधी आभाळासारखंच दिसलं, राखाडीत राखाडी. त्याच्या कडेवरून दोरांची जाळी सोडली होती. जहाज वर जायचं, आम्ही खाली, मग उलटं. मुकेशभाईने पट्टा सोडला आणि मला खालून ढकललं. माझे हात जाळीत अडकले. वरून दोघांनी ओढून घेतलं. मी मागे वळून पाहिलं तर तिथे नुसतं पाणी होतं.

डेकवर विचारलं, कुणाला ठाऊक नव्हतं. आम्हाला वेगवेगळ्या जहाजांनी आणलं, वेगवेगळ्या ठिकाणी उतरवलं. नंतर मी कुणालाच विचारलं नाही. पेपर आला तर तो पान न उलटता बाबांना द्यायचो. विचारलं नाही तोवर तो आहे, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलंय. उल्हासनगर एवढं जवळ, पण तीन वर्षांत तिकडे पाऊल टाकलेलं नाही.

तुझ्या चित्रात मी एकटा आहे ना? मी एकटा नव्हतो.

अक्षय

*

अंबरनाथ
४ फेब्रुवारी

बाळा अक्षय,

दादा दारात उभा आहे, घाईने लिहिते. तुझं पत्र वाचलं. परत वाचलं.

मी उल्हासनगरला जाऊन त्याला शोधू का? तू येऊ नकोस. मी रंग आणि फ्रेम आणायला तशीही तिथेच जाते. तू हो म्हटल्याशिवाय पाऊल उचलणार नाही.

आत्या

*

चामटोली
६ फेब्रुवारी

आत्या,

जा.

पण वाईट असेल तर मला पत्र लिहू नकोस. बाबांबरोबर नुसता कोरा कागद पाठव, मी समजेन.

अक्षय

*

अंबरनाथ
१८ फेब्रुवारी

अक्षय, आहे! माणूस जिवंत आहे. आधी हे वाच, श्वास घे, मग पुढचं वाच.

इतके दिवस लागले, मला ठाऊक आहे तुझं काय झालं असेल. पण उल्हासनगरात मुकेश नावाची माणसं किती, ह्याची तुला कल्पना नाही. फ्रेमवाल्याला विचारलं, "समुद्रावर नोकरी करणारा, स्वयंपाक करणारा मुकेश." त्याने मला एका मुकेशकडे पाठवलं, तो पडद्यांचं कापड विकतो. मला दोन मीटर कापड घ्यावं लागलं. दुसरा मुकेश फर्निचर बाजारातला, त्याने कधी समुद्र पाहिलेला नाही. पण त्याची आई आत पापड लाटत होती, ती म्हणाली, "अरे वो शादी में खाना बनाता है, जो डूबके आया था? द्रौपदी का घरवाला?" आणि मला थेट गल्लीपर्यंत नेऊन सोडलं. बिचारीच्या हाताला पीठ तसंच.

द्रौपदीबाईंनी दार उघडलं. मी म्हटलं, मुकेशभाई आहेत का, माझा भाचा त्यांच्याबरोबर बार्जवर होता. आतून आवाज आला, "कौन भाचा?" मग तो स्वतः आला. तू लिहिलंस तसाच, गोल चेहरा, हातात झारा. मी म्हटलं, "अक्षय. बदलापूरचा."

अरे, त्याने झारा खाली ठेवला आणि तिथेच पायरीवर बसला. "बदलापूर?" म्हणाला. "बदलापूर जिंदा है?"

तुला तिथे सगळे बदलापूर म्हणूनच हाक मारायचे म्हणे. त्याला तुझं नावच ठाऊक नव्हतं. मला म्हणाला, "बहेनजी, मी दोन वेळा बदलापूरला गेलो, स्टेशनबाहेर उभा राहिलो. पण बदलापूर में बदलापूर को कैसे ढूँढूँ?" आणि हसायला लागला, आणि डोळे पुसायला लागला, दोन्ही एकदमच.

आता ऐक. तुला हे वाचून काय वाटेल मला सांगता येत नाही. मी त्याला तुझ्या पत्रातली गोष्ट सांगितली. पट्टा, कढी, सगळं. तो मान हलवत राहिला. "नाही नाही. उलटं आहे सगळं. मला पोहता येत नाही. मी पट्टा धरला, कारण मी बुडत होतो. तो लडका पाय मारत होता, दोघांचं वजन त्याच्यावर. मी घाबरून बोलत होतो, जे तोंडाला येईल ते. बोलणं थांबलं की मी रडणार होतो. आणि तो आगे पूछता था. दही म्हणाला ना? मला राग आला, त्या रागाने मी आणखी थोडा वेळ जगलो." ढकलल्याचं विचारलं, तर म्हणतो, "ढकललं कुठे? मी त्याच्या अंगावर चढायला बघत होतो, तो वर गेला." मग एक लाट त्याला जहाजाच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथे कुणीतरी दोर टाकला, काखेत अडकला, खांद्याचं हाड मोडलं, पण वर आला.

खरं काय ते तुम्ही दोघे बघा. मी त्याच्याकडचे कढीने भरलेले दोन डबे घेऊन परत आले. तू हे पत्र वाचत असशील तेव्हा त्यातला एक डबा दादाच्या पिशवीत असेल. सांडू नये म्हणून सरळ धरायला सांगितलंय.

रविवारी तो तुझी वाट बघतोय. पत्ता मागे लिहिला आहे.

आत्या

*

चामटोली
२४ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

काल गेलो. किर्तीला घेऊन गेलो.

गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली आणि पाय उचलेना. किर्ती नुसती उभी राहिली शेजारी. तेवढ्यात तोच बाहेर आला, खांद्यावर टॉवेल, कुणाला तरी गॅसच्या सिलिंडरवरून झापत. मला बघून थांबला. "पतला हो गया," म्हणाला. मी म्हटलं, "तुम्ही नाही झालात." बस. एवढंच. मग त्याने माझा शर्ट धरला, इथे खांद्यापाशी, आणि बराच वेळ सोडलाच नाही.

त्याची गोष्ट त्याने मलाही सांगितली. मी म्हटलं, खोटं आहे. तो म्हणाला, तुझी खोटी. द्रौपदीभाभी म्हणाल्या, "दोघं येडे आहात, आधी जेवा."

आत्या, प्रदर्शनात लाव. पण ते जुनं नको. आम्हा दोघांचं काढ. आणि वीज काढून टाक.

बाबांना सगळं कळलं. म्हणाले, "म्हंजे केस निकाली झाली."

अक्षय

*

अंबरनाथ
९ मार्च

चि. अक्षय यास आशीर्वाद.

वीज कधीच गेली. तिच्यावर राखाडी फासला तेव्हा थोडं वाईट वाटलं, छान जमली होती. जहाजही लहान केलं, कोपऱ्यात नेलं. तो दोर पकडलेला शूर माणूस पुसला. मधोमध आता नुसतं पाणी आहे आणि त्यात दोन डोकी, एक पट्टा. तुझा पत्र्याचा रंग जमवायला फार त्रास झाला. शेवटी दादाला खरंच एक घमेलं आणायला लावलं आणि बादलीभर पाणी ओतून अंगणात बघत बसले. शेजारचे लोक बघून गेले.

चित्र काल हॉलवर पोचलं. पण गंमत बघ, माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख नेमकी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आली. डॉक्टर म्हणतात घराबाहेर पडायचं नाही, धूळ नको. मी म्हटलं, अहो, माझं चित्र आहे. तर म्हणतात, नीट डोळ्यांनी नंतर बघा.

म्हणून तू जा. मुकेशभाईंना घेऊन जा. आणि काय झालं ते मला लिही. गोड-गोड लिहू नकोस. मी बत्तीस वर्षं दुसऱ्यांची चित्रं तपासली, मला खरं ऐकायची सवय आहे.

आत्या

*

चामटोली
१७ मार्च

ती. आत्यास,
अक्षयचा नमस्कार.

डोळ्यावरची पट्टी निघाली असं बाबा म्हणाले. हळूहळू वाच, एका बैठकीत नको.

आम्ही काल संध्याकाळी गेलो. मी, किर्ती, मुकेशभाई, भाभी. हॉलमध्ये गर्दी बरी होती. शिवमंदिराची पाच चित्रं होती, मी मोजली, तुझं नव्हतं त्यात ते बरं झालं. तुझं चित्र मागच्या भिंतीवर लावलंय, ट्यूबलाइटच्या खाली.

मला वाटलं होतं मला बघवणार नाही. बघवलं. पहिल्यांदा नुसता रंग दिसला. तोच होता, आत्या, अगदी तोच. मग माणसं दिसली. भाभींनी पदर तोंडाला लावला. मुकेशभाई चष्मा काढून पुढे झाला, इतका पुढे की तिथल्या बाई म्हणाल्या, "काका, हात लावू नका." त्याने हवेतच बोट धरलं, ज्याचं डोकं मागे पडलंय, डोळे अर्धे मिटलेत, त्या माणसावर. म्हणाला, "ये मैं."

मी म्हटलं, "नाही, तो मी आहे. तुम्ही तो दुसरा, डोकं वर काढलेला."

"पागल है क्या? बचनेवाला मैं हूँ. बचानेवाला तू है. बघ, हा जवान आहे, डोकं वर काढलेला."

"जवान कुठे? गोल चेहरा आहे!"

"गोल नाही तो. पानी से सूज गया है."

आवाज वाढले. लोक जमले. एक आजोबा शंकर म्हणून, तुझ्याबरोबर शाळेत शिक्षक होते म्हणे, ते मध्ये पडले आणि म्हणाले, मला तर दोघेही एकमेकांना धरून बसलेले दिसतात, तुम्ही भांडताय कशाला. मग मुकेशभाई हळूच म्हणाला, "ठीक है, पण मागे पडलेला मी आहे." त्याचं वय आहे, त्याला देऊन टाकलं. पण मला ठाऊक आहे तो मी आहे.

गोड-गोड लिहू नकोस म्हणालीस, तर एक खोट सांगतो. लाइफ जॅकेट तू लाल काढलंयस, आमची केशरी होती. मुकेशभाई म्हणाला लालच होती. तेव्हा ते राहू दे.

त्यांना उल्हासनगरच्या रिक्षात बसवून आम्ही घरी निघालो. बदलापूर ओलांडलं, चामटोलीच्या अलीकडे जिथे रस्त्याला दोन्ही बाजूंनी शेतं लागतात, तिथे किर्ती मागे बसून म्हणाली, "सगळं मला कधी कळणार? आत्याला कळलं, त्या भाभींना कळलं, हॉलमधल्या लोकांना कळलं." रागाने नाही म्हणाली. नुसतं म्हणाली.

मी गाडी बाजूला घेतली, स्टँडवर लावली. ती बांधावर बसली, मी उभाच राहिलो. आणि म्हटलं, "तर झालं काय."

आणि पुढचे शब्द आले. नांगराचे दोर, खांब, उडी. मध्ये दोनदा अडकलो, ती थांबली, मग परत सुरू झालं. आमच्या ओळखीचा एक दूधवाला गाडी थांबवून विचारून गेला, पंक्चर का? मी म्हटलं, नाही, असंच बसलोय.

जाळीवर चढलो तिथपर्यंत सांगून झालं, तेव्हा तिने विचारलं, "पाणी फार गार होतं का रे?"

आत्या, हे आजपर्यंत मला कुणीच विचारलं नव्हतं, मी स्वतःलाही नाही. मी आठवून पाहिलं. म्हटलं, "नाही गं. कोमट होतं. आत होतो तोवर गार लागलंच नाही. बाहेर काढलं, अंगाला वारा लागला, तेव्हा कुडकुडायला लागलो. दात वाजत होते."

"मग अंगावर पांघरूण कुणी घातलं?" किर्तीने विचारलं.

मी तिच्याशेजारी बांधावर बसलो, आणि तेही सांगितलं.

तुझा,
अक्षय